पन्नास किलोमीटरचं रिंगण

ब्राइटनबेक, ४ सप्टेंबर

टिल्मान,

तुझं पासाउचं पोस्टकार्ड पोचलं. पुढे नदी, मागे चार शब्द : "ठीक आहे. छप्पर चालू." तुझ्या आईने ते फ्रिजवर लावलंय आणि येईल त्याला दाखवते. काल पोस्टमनलाच सांगत होती, "छप्पर चालू आहे हं त्याचं." ते कार्ड त्यानेच आणलं, आणताना वाचलंही असणार, तरी बिचाऱ्याने नवल वाटल्याचा चेहरा केला.

हे पत्र मागच्या भेटीत तू दिलेल्या, नाउम्बुर्गच्या तुझ्या नव्या मिस्त्रीच्या पत्त्यावर टाकतेय. तू तिथे पोचायच्या आधी ते पोचावं म्हणून लगेच मुद्द्यावर येते. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत मी क्वेडलिनबुर्गला खोली घेतली आहे. दोघांसाठी. जुन्या गावात, बाजारचौकाच्या मागच्या गल्लीत, चारशे वर्षांच्या लाकडी चौकटीच्या घरात. फोटोत छताची तुळई दिसते. तू आत शिरलास की आधी तिच्याकडे बघशील आणि मग माझ्याकडे, हे धरूनच मी ती खोली निवडली. पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत, तेव्हा नखरे करू नकोस.

तू घर सोडल्यापासून आपण दोनदा भेटलो. एकदा लाइपझिगला, पावसात, एका पुलाखाली. दुसऱ्यांदा हांबुर्गच्या त्या कारागिरांच्या घरात, तिथे तुझ्यासारखेच काळी कॉर्डुरॉय आणि काळ्या टोप्या घातलेले दहा-बारा जण आपल्याभोवती बसून बिअर पीत होते आणि त्यातला एक मला लाकडाचे सांधे कसे जोडतात ते रात्रभर समजावत होता. याला भेट म्हणायची तर म्हण. तू सुतारांच्या भटकंतीची शपथ घेतलीस तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या, ते मी नाकारत नाही. तीन वर्षं आणि एक दिवस परमुलखात काम शिकायचं, फोन बाळगायचा नाही, प्रवासावर नि निवाऱ्यावर पैसा घालवायचा नाही, आणि आपल्या गावाभोवती पन्नास किलोमीटरचं रिंगण, त्यात पाऊल टाकायचं नाही. ऐकताना छान वाटलं होतं. तेव्हा रिंगणाच्या आत राहायला मी उरणार आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

काळजी करू नकोस, मी मोजलंय. मागच्या रविवारी गाडीचा काटा बघत तिथवर जाऊन आले. साठाच्या वर भरतं. म्हणजे क्वेडलिनबुर्ग तुझ्या रिंगणाच्या चांगलं बाहेर आहे.

आता खरी गोष्ट. क्नीपबाईंचे गुडघे संपले. इतकी वर्षं मला हाताशी धरून पाव भाजले, आता बेकरी सोडायची म्हणतात. दुकान, भट्टी आणि वरच्या दोन खोल्या मला द्यायला तयार आहेत, पण ऑक्टोबर उजाडायच्या आत हो की नाही ते हवंय. मी नाही म्हटलं तर गोस्लारचा एक माणूस टपून बसलाय, तो कारखान्यातला तयार पाव आणून गरम करून विकणार. बाईंना ते मरणाहून वाईट वाटतं. पण मी हो म्हटलं, तर पुढची वीस वर्षं मी रोज पहाटे ब्राइटनबेकमध्ये उभी असेन. एकटी की कुणाबरोबर, ते मला आधी कळायला हवं. भटकंती संपली की तू इथे राहायला येणार आहेस का?

हे तोंडावर विचारणार होते, आणि लिहून बसले. असो. उत्तर लिहू नकोस. तू लिहिलंस तर ते "छप्पर चालू" एवढंच असेल. बरोबर घेऊन ये.

तुझी विब्के


ब्राइटनबेक, १९ सप्टेंबर

टिल्मान,

"पत्र मिळालं. शुक्रवारी संध्याकाळी पोचतो." शाईला काय सोन्याचा भाव आलाय का तिकडे? पण ठीक आहे, पोचतो म्हणालास, एवढ्यावर मी दोन दिवस गाणी म्हणतेय. क्नीपबाई म्हणाल्या, "पोरी, मीठ दोनदा टाकलंस." तो सगळा पिठाचा गोळा डुकरांना गेला.

तुझ्या आईला सांगणं भाग होतं, आणि सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. "मीपण येऊ का? मागच्या सीटवर बसेन." मी म्हटलं, "रेनाटेकाकू, खोलीत पलंग एकच आहे." त्यावर ती म्हणाली, "मी काय पलंगावर झोपायला येतेय? बघायला येतेय." तुझ्या बाबांनी वर्तमानपत्रामागून सांगितलं, "रेनाटे, गप बस." मग ती गप्प बसली आणि तुझ्यासाठी मोज्यांचे सहा जोड, एक अख्खं सॉसेज आणि मुरंब्याच्या बाटल्या असं गाठोडं बांधू लागली. तुझ्या खांद्यावर ते कसं मावणार देवाला ठाऊक.

मी नवा झगा घेतलाय. हिरवा. पोस्टकार्डवर त्याबद्दल काही लिहू नकोस, पोस्टमन वाचतो.

विब्के


क्वेडलिनबुर्ग, शुक्रवार, २७ सप्टेंबर, संध्याकाळ

टिल्मान,

उद्या सकाळी तुला भेटणारच आहे, तरी हे लिहितेय, कारण आत्ता बोलायला कोणी नाही आणि सकाळपर्यंत धरून ठेवलं तर मी फुटेन.

मी चार वाजल्यापासून तयार होते. हिरवा झगा, ओठांना रंग, केसांचं काय ते. खिडकीत बसून गल्लीकडे बघत होते, कुठे काळी टोपी दिसते का. तेवढ्यात खालची बाई वर आली. "फोन आहे तुमचा. सुतार आहे म्हणतो."

तू खाणावळीतून बोलत होतास, मागे कुणीतरी पत्ते आपटत होतं.

"विब्के, मी बालेनश्टेटच्या रस्त्यावर आहे."

"मग ये की. दोन तासांत चालत येशील. थांब, मी गाडी घेऊन येते."

"येता येणार नाही. क्वेडलिनबुर्ग आत आहे."

"कशाच्या आत?"

"रिंगणाच्या. इथे भिंतीवर नकाशा आहे. दोरा लावून बघितलं."

"अरे मी मोजलंय. साठाच्या वर."

"रस्त्याने मोजलंस ना?"

"मग काय नदीने मोजू?"

"सरळ रेषेत मोजतात, विब्के. पक्षी उडतो तसं. नेहमीच तसं मोजतात."

यावर मी काय बोलले ते मला आठवतं, आणि खालच्या बाईलाही आठवत असणार, कारण ती तिथेच टॉवेल घड्या करत उभी होती. शेवटी, उद्या सकाळी मीच तिकडे येते म्हटलं आणि फोन आपटला.

चूक माझी. मान्य. सुतारांच्या गावात जन्मले, लहानपणापासून दर दोन-तीन वर्षांनी एकेका मुलाला वेशीपर्यंत पोचवायला गेले, आणि रिंगण कसं मोजतात ते एकदाही विचारलं नाही. पण मी विचारते, तू का नाही मोजलंस? म्हणे, "तू मोजलं म्हणालीस, म्हणून मी मोजलं नाही." हे ऐकून राग येतो आणि रडूही येतं. माझ्यावर एवढा विश्वास ठेवावास आणि नेमका याच बाबतीत.

तुळई खरंच सुंदर आहे. मी आडवी पडून तिच्याकडे बघतेय.


क्वेडलिनबुर्ग, रविवार, २९ सप्टेंबर

टिल्मान,

शुक्रवारचं पत्र काल तुला द्यायचं राहिलं. राहिलं म्हणजे दिलं नाही. यासोबत पाठवते. काल जे झालं ते तुला माहीत आहे, पण मला ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

मी गाडी लावली तेव्हा तू खाणावळीच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होतास. मालकिणीने तुला फुकट जेवू घातलं होतं आणि त्याबदल्यात तू तिचं फाटकाचं बिजागर नीट केलं होतंस. वाळलास. गालाची हाडं वर आलीत. तू मला जवळ घेतलंस आणि मी हातातलं सॉसेज पकडूनच उभी राहिले, ते खाली ठेवायचं सुचलंच नाही.

मग आपण त्या टेकाडावर गेलो. तिथून क्वेडलिनबुर्गच्या गढीवरच्या चर्चचे दोन्ही मनोरे दिसत होते, हात लांब केला तर लागतील असे. तू शेताच्या बांधापाशी थांबलास.

"रेष इथून जाते," म्हणालास. "साधारण."

"साधारण? म्हणजे तुलाही नक्की ठाऊक नाही?"

"म्हणून बांधाच्या अलीकडेच राहायचं."

मी बांध ओलांडून पलीकडे गेले आणि बिटाच्या शेतात उभी राहिले. आता वाटतं पोरकटपणा केला. तेव्हा वाटलं नाही.

"ये," मी म्हटलं. "दहा पावलं. इथे कुत्रंसुद्धा नाही बघायला. शपथ मोडली म्हणून कोण तुझ्या कानातली बाळी ओढून कान फाडणार आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

"मला कळेल ना."

"आणि मला काय कळेल ते नाही का विचारणार? मी तिकडे दोघांच्या पलंगावर एकटी झोपले, हे मला कळलं. त्याचं काय?"

तू बांधाकडे बघितलंस. मग म्हणालास, "विब्के, मी इतके महिने रोज एक गोष्ट पाळली. बाकी काही धड जमलं नाही. मिस्त्र्यांशी भांडलो, दोनदा काम गेलं. हे एवढंच पाळलंय. आज तुझ्यासाठी मोडलं, तर पुढे कधीतरी ते मी तुझ्याच अंगावर टाकेन. मी तसा आहे, तुला माहीत आहे."

हे खरं होतं. तू तसाच आहेस. राग याचा आला की तुला ते माझ्याआधी कळलं.

मी परत अलीकडे आले. आपण बसलो, मुरंबा बोटाने खाल्ला. तू नॉर्वेबद्दल सांगू लागलास. तिथली लाकडी चर्चं, आठशे वर्षांची, त्यांना डांबर लावतात, तिथला एक मिस्त्री तुला ये म्हणतोय, हिवाळ्यानंतर. सांगताना तुझे हात हलत होते. लाइपझिगच्या पुलाखाली हलत नव्हते. आपल्या लग्नाच्या गप्पांतही कधी हलले नाहीत.

मी विचारलं, "मग बेकरीचं काय सांगू?"

तू म्हणालास, "मी परत येईन. शपथ आहे, यायचंच असतं. पण आल्यावर राहीन का, ते मला माहीत नाही. हो म्हटलं तर खोटं होईल."

"नाही म्हटलं तर?"

"तेही खोटं होईल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा माणूस नेमका मला मिळावा. संध्याकाळी तू म्हणालास, खाणावळीच्या मालकिणीने तबेल्यावरची खोली देऊ केलीय, राहा. मी राहू शकले असते. मला राहायचंही होतं, ते लपवत नाही. पण रिंगणाच्या काठावर बसून तुझी वाट बघणं मी ब्राइटनबेकमध्येही करते, त्यासाठी तबेल्यावर झोपायला नको. मी खोलीचं निमित्त सांगितलं, पैसे भरलेत म्हणाले, आणि निघाले. तू हात हलवलास. मी आरशात बघितलं नाही.

इथवर तुला माहीत होतं. आता आजचं ऐक.

सकाळी खालच्या बाईने दोघांचा नाश्ता मांडला. माझ्याकडे बघून एक ताट उचलू लागली. मी म्हटलं, "राहू द्या, पैसे दिलेत." आणि दोन्ही खाल्ले, दोन अंडी, दोन्हीकडचं चीज. पाव मात्र भिकार होता. वरून लाल, आतून कापूस. तो मी खाल्ला नाही.

मग मी फिरले. खोटं कशाला सांगू, पहिला तासभर प्रत्येक घराची चौकट बघून "टिल्मान असता तर" हेच चाललं होतं. कुठे खांब कसा तिरपा आहे, कुठे खिळ्याऐवजी लाकडी खुंटी आहे. मग कधीतरी ते थांबलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी घरांकडे बघतच नाहीये. मी वास घेत चालले होते. बाजारचौकाच्या कोपऱ्यावर एक केकचं दुकान उघडं होतं, रविवारचं. काचेत आलुबुखाराचा केक. बघताक्षणी कळलं, खालचा थर भिजलाय. तरी एक तुकडा घेतला. चमच्यावर उचलला तर खालून गळला.

मला राहवेना. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, "फळांखाली रवा नाही का टाकत?"

"कशाला?"

"रस पितो तो. मूठभर टाकायचा. नाहीतर शिळ्या पावाचा चुरा. आणि फळं उभी लावायची, आडवी नाही. आडवी लावली की सगळा रस खाली जातो."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हिरवा झगा, कालच्या शेताचा चिखल बुटांना. "आमच्याकडे तीस वर्षं असाच करतात."

"तीस वर्षं भिजतोय मग."

आता ही मला हाकलते की काय, असं वाटलं. पण तिने सुरी घेऊन स्वतःच एक तुकडा कापला, खाली वाकून बघितला, आणि नाक मुरडलं. मग विचारलं, "तुमची बेकरी आहे का?"

"हो," मी म्हटलं. "ब्राइटनबेकला."

टिल्मान, मी विचार केला नाही. कुणाला विचारलं नाही. पहाटे किती वाजता उठायचं, एकटीने की दुकटीने, यातलं काही डोक्यात आलं नाही. तोंडातून हो गेलं आणि ते खोटं वाटलं नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि तेच परत एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. दोन दिवस मी तुझ्याकडे जे मागत होते ते माझ्याजवळच होतं, आणि मी ते तुझ्या तोंडून ऐकायला साठ किलोमीटर आले होते. पक्ष्याच्या वाटेने पंचेचाळीस.

तुझ्यावर रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण त्याचा बेकरीशी संबंध नाही.

विब्के


ब्राइटनबेक, ९ नोव्हेंबर

टिल्मान,

कागदांवर सही झाली. क्नीपबाई रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता उद्या मीठ दोनदा टाकलंस तर तुझंच पीठ जाईल." त्या रोज येतात, खुर्चीवर बसतात आणि माझं काय चुकतंय ते गिऱ्हाइकांना सांगतात. गोस्लारचा माणूस येऊन दोन पाव घेऊन गेला आणि पैसे देताना म्हणाला, "बरे आहेत." मला ते पुष्कळ वाटलं. तुझी आई दुकानात आली की आधी मला मिठी मारते आणि मग म्हणते, "तो यायला हवा होता इथे." तिला वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणते.

आणि तुझं पत्र आलं. पाच पानं. पोस्टमनने दारातूनच ते वर धरून दाखवलं, लग्नाची पत्रिका असावी तसं. मी भट्टी बंद करून वरच्या खोलीत जाऊन वाचलं. एकदा वाचलं, मग खाली जाऊन दुकान आवरलं, मग परत वर येऊन वाचलं.

तू लिहितोस, तुला रात्री झोप लागत नाही. त्या बांधापलीकडे मी बिटाच्या शेतात एकटी उभी दिसत होते ते डोळ्यांपुढून जात नाही. नॉर्वे नको. शपथ अर्धी टाकून डिसेंबरमध्ये घरी येतोस. कान फाटला तर फाटू दे. बेकरीच्या मागच्या खोलीत सुतारकामाचं बाक टाकशील, माझ्यासाठी मोठ्या फळ्या करशील, पहाटे पीठ मळायलासुद्धा उठशील.

सप्टेंबरात हे पत्र आलं असतं तर मी ते छातीशी धरून गावभर नाचले असते. आताही रडले. मला तू आवडतोस, टिल्मान, ते जराही कमी झालेलं नाही, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. या खोलीत तुझे बूट दाराशी असावेत असं रोज वाटतं.

पण येऊ नकोस.

तूच म्हणाला होतास, माझ्यासाठी मोडलंस तर पुढे माझ्याच अंगावर टाकशील. मी ते विसरलेले नाही, तू विसरलास. नॉर्वेचं सांगताना हात हलणारा माणूस मी पाहिलाय, आणि पीठ मळायला उठणारा माणूस या पाच पानांत शोधतेय. तो आहे, असं तुला वाटतंय. वाईट वाटल्यामुळे माणसाला पुष्कळ गोष्टी वाटतात. मला दयेपोटी आलेला नवरा नको. दुकान माझं मी घेतलंय, ते तुझ्या येण्याची सोय म्हणून नाही, आणि तुझ्या न येण्याची शिक्षा म्हणूनही नाही. त्यात तुझ्यासाठी रिकामी ठेवलेली जागा नाही. तू आलास तर जागा करावी लागेल, आणि ती करायची की नाही ते मी ठरवीन.

तेव्हा नॉर्वेला जा. डांबर लाव. तीन वर्षं आणि एक दिवस पुरा कर, तुझ्यासाठी. त्यानंतर ब्राइटनबेकला यावंसं वाटलं तर ये, तुझे आईबाबा आहेत, गाव तुझंच आहे. आणि माझ्याकडे यावंसं वाटलं तर आधी विचार. आजवर येशील का, राहशील का, हे मीच विचारत आले. आता तू मला विचार, मी ठेवून घेईन का ते, आणि उत्तराची वाट बघ.

पोस्टाला वेळ लागतो, ते तुला सांगायला नको.

विब्के